माळवद गोव्यात आणायचे असेल तर कौलांखाली आणा

एप्रिल-मेमध्ये जळगाव, धुळे नाहीतर लातूरकडच्या लग्नाला जाऊन आलेला गोवेकर एक गोष्ट हमखास सांगतो. बाहेर बेचाळीस अंश, अंगणात पाय ठेववत नव्हता, आणि धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या, घरात भर दुपारी पंख्याशिवाय डोळा लागला. पुढचा प्रश्नही ठरलेलाच: आपल्या कुळागरातल्या (माड-पोफळीच्या बागेतल्या) खोलीवर असेच मातीचे छप्पर घातले तर? कौलांखाली दुपारी बसवत नाही आणि पत्र्याखाली तर विचारायलाच नको.

घालू नका. निदान तिकडे आहे तसे उघड्यावर तर नकोच. पण ज्या गुणामुळे त्या घरात झोप लागते तो गोव्यातही वापरता येतो. त्यासाठी आधी हे छप्पर उकलून बघायला हवे.

खानदेशात धाबे म्हणतात, मराठवाडा-सोलापुराकडे माळवद. बांधणी जवळपास एकच. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर हातभर अंतराने कड्या आणि कड्यांवर एकमेकींना चिकटवून बसवलेल्या फळ्या किंवा फोडलेल्या लाकडाच्या किलच्या. त्यावर तुराट्या नाहीतर पऱ्हाट्या अंथरतात आणि त्यांवर कडूनिंबाचा पाला. पाल्याचे काम दुहेरी आहे: वरची माती फटींतून घरात झरू द्यायची नाही आणि वाळवीला दूर ठेवायचे. मग भुसा घालून मळलेल्या चिखलाचा दोन-तीन इंच थर. तो आंबट-ओला असतानाच वर चार-सहा इंच साधी माती, थोडी थोडी टाकून चोपलेली. सगळ्यात वर दोन-तीन इंच खारी किंवा पांढरी माती. सगळे मिळून आठ इंच ते फूटभर. उतार डोळ्यांना दिसणार नाही इतका, दहा फुटांना तीन-चार इंच. पाणी जाते ते पन्हळीतून, आणि पन्हळ भिंतीपासून दीड फूट तरी पुढे काढावी लागते, नाहीतर तेच पाणी भिंत खाते. उजेडाला आणि धुराला मध्ये एक सानं. त्याचा काठ वीतभर उंच करतात आणि पावसात त्यावर झाकण ठेवतात.

खरी गंमत त्या वरच्या दोन इंचांत आहे. पांढरी माती म्हणजे जुन्या गावठाणाची, पडक्या गढीची, शेकडो वर्षे राख, चुना, शेण आणि पडलेल्या भिंती मुरून तयार झालेली. काळ्या मातीसारखी ती भिजून फुगत नाही आणि वाळून भेगाळत नाही. (या मातीच्या मागणीपायी दख्खनमधल्या कितीतरी पांढरी, म्हणजे जुन्या वस्त्यांची टेकाडे, खणून सपाट झाल्या आणि त्यांबरोबर त्यांतला इतिहासही गेला.) खाऱ्या मातीचे गणित वेगळे. तिच्यातल्या सोडियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, पाणी लागताच पसरतात आणि बारीक छिद्रे बुजवून टाकतात. पहिल्या सरीत वरचा पापुद्रा भिजतो, पसरतो आणि स्वतःच झाकण होतो. शिवाय मिठामुळे गवत उगवत नाही. तुर्कस्तानच्या अनातोलियात मातीच्या छपरांवर याचसाठी मीठ पसरत आणि पाऊस पडला की दगडी रूळ फिरवून माती दाबत. इराणात वर काहगिल लिंपतात. काह म्हणजे पेंढा, गिल म्हणजे चिखल. नावातच कृती आली.

आता हीच खारी माती गोव्यात आणली तर काय होईल? पाणी लागताच सुटणारे कण दिवसाला वीस मिलिमीटर पावसात जागेवर बसतात. शंभर मिलिमीटरमध्ये ते पाण्याबरोबर पन्हळीतून खाली जातात. ज्या गुणाने छिद्र बुजते त्याच गुणाने माती वाहते. फरक फक्त पाण्याच्या जोराचा.

तीस चौरस मीटरचे छप्पर धरा, म्हणजे दोन बऱ्यापैकी खोल्या. लातूर-सोलापुराकडे वर्षाचा पाऊस ढोबळमानाने ६०० ते ७०० मिलिमीटर, म्हणजे त्या छपरावर वर्षाला वीसेक हजार लिटर पाणी. तेही तुटक तुटक, मध्ये उन्हाचे दिवस घेत. गोव्यात ३,००० मिलिमीटर धरायला हरकत नाही, वाळपई-सांगेकडे त्याहून जास्त. म्हणजे नव्वद हजार लिटर, आणि बहुतेक सगळे चार महिन्यांत. जुलैतल्या एका जोरदार पावसाच्या दिवसाचा शंभर मिलिमीटर म्हणजे तीन हजार लिटर. माळवदाची माती दोन सरींच्या मधल्या उन्हात वाळते, तिचे सगळे आयुष्य त्या उघडिपीवर आहे. आपल्याकडे आषाढात अंगावरचा टॉवेल वाळत नाही, तिथे आठ इंच माती कुठून वाळायची?

कोणी म्हणेल, खारी माती तर आपल्या खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) ढिगाने आहे, बांध तिचेच घालतो. बांध सतत ओला असतो म्हणून टिकतो. तीच माती वाळली की हाताएवढ्या भेगा पडतात. आणि मिठाचा दुसरा स्वभाव विसरू नका: हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागते. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता कायम त्याच्या वर. बरणीतल्या मिठाला पाणी सुटते तसे त्या छपरालाही सुटेल. डोक्यावरच्या कुठल्याही थरात, कौलांखाली असला तरी, खाजनाची माती घालू नये.

आता वजन. चोपलेल्या कोरड्या मातीचे वजन घनमीटरला १,६०० ते १,९०० किलो. आठ इंच जाडीला चौरस मीटरमागे साडेतीनशे किलोच्या आसपास. मंगळुरी कौले रिपांसकट साठ-पासष्ट किलोंत आटोपतात. म्हणजे पाचपट. भिजल्यावर त्यात आणखी भर. तीस चौरस मीटरच्या माळवदावर दहा टन माती असते आणि तिने पंधरा टक्के पाणी शोषले तरी एका झडीत दीड टन वजन वाढले. शिवाय दर वर्षी मृगाआधी वरून नवी माती टाकण्याची पद्धत. जुनी खरवडून न काढता वर वर टाकत गेले की वीस-तीस वर्षांत फुटाचे दोन फूट होतात आणि घरातल्या कोणाला ते कळतही नाही, कारण खालून छप्पर तेच दिसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली, त्यात या साचत गेलेल्या मातीचा आणि तिच्याखालच्या गोट्यांच्या, मातीत रचलेल्या जाड भिंतींचा मोठा वाटा होता. जिथे छताचा भार लाकडी खणांवर नीट पेललेला होता तिथे पुष्कळ ठिकाणी भिंती कोसळूनही लाकडाचा सांगाडा उभा राहिला. गोवाही भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात मोडतो. चिऱ्याच्या भिंतीवर दहा टन माती ठेवताना हे डोक्यात असू द्या.

आणि समजा, पाऊस नसता आणि वजनही चालले असते, तरी आठ इंच माती गोव्यात शहाणपणाची नव्हे. जाड माती ऊन अडवत नाही, ते उशिरा आत पोचवते. आठ इंचांना सहा-सात तास लागतात. दुपारी दोनची उष्णता रात्री आठ-नऊला छताच्या खालच्या बाजूला येते. मराठवाड्यात तेव्हा माणसे घरात नसतातच, वर माळवदावर अंथरूण टाकून पडलेली असतात. आभाळ निरभ्र, हवा कोरडी. छप्पर रात्रभर आपली ऊब आभाळाला देऊन टाकते आणि पहाटेपर्यंत गार पडते. दिवसा चाळीस, रात्री पंचवीस, या पंधरा अंशांच्या फरकावर सगळा खेळ आहे. पणजीला मेमध्ये दिवसा तेहतीस आणि रात्री सव्वीस-सत्तावीस. हवेत ओल, वर ढगांची साय. रात्री उष्णता जायला वाटच नाही. जाड मातीचे छत इथे झोपायच्या वेळेला तापते आणि पहाटेही निवत नाही.

तेव्हा इथे जाडी कमी हवी. आपला खरा त्रास वेगळा आहे: तापलेले कौल किंवा पत्रा खालच्या माणसावर उष्णता फेकत असतो. ती मध्येच अडवायला दोन-तीन इंच माती पुरते, आणि ती कौलांखाली कोरडी राहते. पाणी कौलांनी अडवायचे, ऊन मातीने. दोन कामे, दोन छपरे, मध्ये वारा.

ही मातीची माळी, म्हणजे कौलांखालचे मातीचे छत, कशी करायची ते तीन बाय चार मीटरच्या खोलीसाठी मापासकट लिहितो.

कड्या आखूड बाजूने, म्हणजे तीन मीटरच्या गाळ्यावर टाका. तीन इंच रुंद, सहा इंच उंच, दीड-दीड फुटावर. उंच बाजू उभी हवी. मेस्ताला (सुताराला) हे सांगावे लागत नाही, पण लाकूड आडवे पडलेलेही पाहण्यात येते, आणि आडवी कडी तेवढ्याच लाकडात निम्मेच बळ देते. लाकूड किंदळ, जांभा (या नावाचे झाड, दगड नव्हे) किंवा जुन्या घराचा सागवान. कडीचे टोक भिंतीत पुरताना चुन्यात चिणू नका. चिऱ्यात खाचा मोठ्या ठेवा, टोकाभोवती बोटभर हवा राहू द्या. चिरा पाणी पितो, आणि पश्चिमेच्या भिंतीत चिणलेले टोक आतल्या आत कुजते. वरून कडी ठणठणीत दिसते. स्क्रूड्रायव्हर टोचला की इंचभर आत जातो.

कड्यांवर बांबूच्या कामट्या, सालीची बाजू खाली, एकमेकींना लागून. बांबू तीन वर्षांच्या वरचा आणि पावसाळा संपल्यावर तोडलेला. कोवळ्या बांबूत साखर-पिठूळपणा जास्त असतो आणि भुंगा त्यावरच जगतो. तोडल्यावर दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायची जुनी रीत बरोबरच आहे, पिठूळपणा त्याने उतरतो. त्याहून खात्रीचे म्हणजे बोरॅक्स तीन भाग आणि बोरिक ॲसिड दोन भाग यांचे शंभर लिटर पाण्याला पाच किलो द्रावण. फोडलेल्या कामट्या त्यात आठवडाभर बुडवून मग सावलीत वाळवा. पावसात उघडी पडणाऱ्या जागी हे मीठ धुऊन जाते, माळीत कौलांखाली ते टिकते.

कामट्यांवर माती थेट टाकली तर वर्षभर घरात धूळ झरते. मध्ये नारळाचे जुने झाप किंवा पोफळीच्या विऱ्या (पानाच्या देठाची रुंद आवरणे) उलट-सुलट पसरा. विरी जास्त बरी, तिला भोके नसतात. प्लास्टिकचा कागद मात्र घालू नका. चिखलातले पाणी खालूनही सुटायला हवे. कागद असला की ते अडकते आणि मातीची खालची बाजू आठ-आठ आठवडे ओली राहते. कामट्यांना बुरशी धरते ती तिथून.

आता माती. बारा चौरस मीटरवर तीन इंच, म्हणजे चोपून झाल्यावर जेमतेम एक घनमीटर. सैल मातीचे सव्वा ते दीड घनमीटर लागेल. वरची काळपट, मुळांची माती बाजूला करून दोन-अडीच फुटांखालची तांबडी माती घ्या. आपल्या जांभ्या मातीचा एक मोठा फायदा असा की काळ्या मातीसारखी ती फुगत नाही. तरी प्रत्येक जागेची चाचणी करावी. साठ सेंटिमीटर लांब, चार रुंद, चार खोल अशी लाकडी पेटी करा, आतून तेलाचा हात द्या, लिंपायला लागतो तसा चिखल दाबून भरा आणि सावलीत पुरता वाळू द्या. मग सगळी माती एका टोकाला सरकवून उरलेली फट मोजा. दीड-दोन सेंटिमीटरपर्यंत ठीक. तीनच्या वर गेली तर चौथा हिस्सा जाड वाळू मिसळा आणि पुन्हा पेटी भरा. फटच पडली नाही आणि काढताना माती भुसभुशीत सुटली तर चिकणपणा कमी आहे. वारुळाची माती मिसळा.

पेंढा भाताचाच, चार बोटे लांबीचा कापलेला, घनमीटर मातीला पंचवीस-तीस किलो. लांब पेंढा चोपताना वर येतो. माती आणि पेंढा पाणी घालून पायाने तुडवा, ढीग झापाने झाका आणि आठ-दहा दिवस कुजू द्या. रोज एकदा तुडवणे आलेच. आंबूस वास यायला लागला आणि पेंढा बोटांत ताणून सहज तुटायला लागला की चिखल तयार. कुजताना पेंढ्यातून जो बुळबुळीत रस सुटतो तो मातीला धरून ठेवतो. ताजा मळलेला चिखल आणि आंबलेला चिखल शेजारी शेजारी लिंपून बघा, महिन्याने नख लावले की फरक कळतो.

थर दोनदा घाला. पहिला दोन इंच, हाताने थापून. चार-पाच दिवसांनी, अंगठा दाबला तर ठसा उमटेल पण माती चिकटणार नाही, अशा वेळी चोपण्याने चोपायचा. हीच वेळ महत्त्वाची. आधी चोपला तर चिखल उसळतो, उशीर झाला तर माती फुटते. केसासारख्या भेगा पडतीलच, त्या चोपतानाच मिटवायच्या. दुसरा थर इंचभर, वाळू जरा जास्त, पेंढा बारीक. तो सुकत आला की शेण, माती आणि विरवलेला चुना यांचा पातळ हात. सिमेंटचा हात देऊ नका. सिमेंट कडक, माती लवचीक. वर्षभरात ते पोपडे धरून सुटते आणि तोवर खालची ओल बाहेर येऊ देत नाही. एवढ्या माळीचे वजन कामट्यांसकट चौरस मीटरला सव्वाशे-दीडशे किलो भरते आणि वर सांगितलेल्या कड्या ते सहज पेलतात. त्यावर नारळांचा ढीग रचायचा असेल तर कड्या फुटावर घ्या.

माळी आणि कौले यांच्यामध्ये वारा खेळला नाही तर निम्मा फायदा गेला. वळचणीला भिंतीच्या माथ्यावर वीतभर फट ठेवा आणि दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींत जाळ्या. फटींना बारीक तारेची जाळी मारा, नाहीतर घुशी-उंदीर आठवड्यात माती पोखरायला लागतात. पेंढ्यात चुकून भाताची लोंबी राहिली असेल तर ते हमखास येतात, म्हणून पेंढा झोडून, पाखडून घ्या.

कौलांऐवजी वर झाप घालायचे असतील तर हीच माळी आणखी उपयोगी, कारण वरचे छप्पर पेटले तरी खालचे घर लगेच पेटत नाही. झापांना उतार पंचेचाळीस अंशांचा हवा. त्याहून चपटे छप्पर केले की पाणी पानांवरून न धावता पानांत शिरते आणि दुसऱ्या पावसाळ्यालाच कुजते. चुडते (माडाच्या झावळ्या) तीन-चार दिवस पाण्यात भिजवून मग विणावी. खाऱ्या पाण्यात भिजवली तर वाळवी उशिरा लागते, इथे मीठ चालते कारण ते डोक्यावर मातीत अडकून बसत नाही. वळचणीकडून आढ्याकडे शाकारत जायचे, प्रत्येक झापाचा फक्त वीतभर भाग उघडा ठेवून.  बांधायला काथ्याचे सुंभ. नायलॉनची दोरी निसरडी असते आणि गाठ सैल पडते. पूर्वी झापाचे आणि गवताचे छप्पर जास्त टिकायचे ते चुलीच्या धुराने, किडीला तो धूर सोसत नसे. गॅस आल्यावर तोच झाप एका पावसाळ्याचा सोबती झाला, याचा दोष विणणाऱ्याला देऊ नये.

काम दिवाळीनंतर काढा आणि शिगम्याआधी संपवा. तीन इंच माती आतपर्यंत वाळायला पाच-सहा आठवडे लागतात, आणि एप्रिलमध्ये सुरू केलेली माळी मेच्या वळवात सापडली की खालच्या थराला पांढरी बुरशी धरते. मृगाआधी कौले फिरवताना माळ्यावर टॉर्च घेऊन एकदा चढायचे. फुटक्या कौलाखाली मातीवर तपकिरी, कडेला गडद असा गोल दिसतो. आधी ते कौल बदला. मग गोल जिथवर मऊ लागतो त्याच्या चार बोटे पुढपर्यंतची माती खरवडून काढा, उरलेल्या कडा ओल्या करा आणि तोच आंबवलेला चिखल पुन्हा भरून चोपा. त्यासाठी पहिल्या वेळीच चार-पाच घमेली चिखल जास्त करून, वाळवून, पोत्यात ठेवलेला बरा. पाणी घातले की दोन दिवसांत पुन्हा तयार होतो आणि रंगही जुळतो.